मोटार वीस मिनिटं कोरडी चालवा: एका माहितीपुस्तिकेच्या अनुवादाचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठिबक संच आणि पंप विकणाऱ्या एका कंपनीने शेतकऱ्यांसाठी इंग्रजीत माहितीपुस्तिका तयार करून घेतली. तिच्या मराठी अनुवादाचं काम पुण्यातल्या एका छोट्या अनुवाद संस्थेकडे आलं आणि झालेला अनुवाद वाचून पुढे पाठवायचं काम माझ्याकडे. कंपनी कोणती, संस्था कोणती, माणसं कोण, हे इथे सांगणार नाही. त्याची गरजही नाही. चूक झाली त्या कागदावर माझीही सही होती.

पुस्तिका एक असली तरी ती तीन जुन्या कागदांची गोधडी होती. पहिला भाग पंपाच्या मॅन्युअलमधून उचललेला, दुसरा ठिबकच्या देखभालीचा आणि तिसरा ठिबकमधून खत देण्याच्या वेळापत्रकाचा. पहिला लिहिणारा इंजिनिअर, तिसरा लिहिणारा शेतकीचा पदवीधर. दोघांनी एकमेकांचं लिखाण वाचलं असेल असं वाटत नाही. आमच्या हातात मात्र ते एका मुखपृष्ठाखाली, एकाच अक्षरवळणात आलं, म्हणून आम्हीही ते एकच पुस्तक समजून चाललो.

मुदत आवळ होती. नाशिककडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू व्हायच्या आत प्रती डीलरांच्या दुकानात पोचायला हव्या होत्या.

अनुवाद करणारी मुलगी हुशार. मराठी घेऊन एम. ए. झालेली, वाक्य सरळ लिहिणारी, वेळ पाळणारी. ती संगणकावरच्या अनुवादाच्या साधनावर काम करते. या साधनात मजकूर अखंड दिसत नाही, तुकड्या-तुकड्यांनी समोर येतो. एकदा केलेला तुकडा पुढे पुन्हा आला की साधन जुना अनुवाद आपणहून भरतं आणि शेजारी ‘१०० टक्के’ असा हिरवा शिक्का मारतं. अशा तुकड्याला पैसे फार थोडे मिळतात, कधी कधी मिळतच नाहीत. त्यामुळे तिथे थांबून विचार करणं कुणालाच परवडत नाही. ही गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते, पण या प्रकरणाचं अर्धं मूळ तिथेच आहे.

अडचण कशी उघडी पडली

कंपनीचा विक्री अधिकारी निफाड तालुक्यातल्या एका डीलरकडे दुसऱ्या कामाला जाणार होता. जाता जाता त्याने पुस्तिकेची कच्ची प्रत बरोबर नेली आणि मलाही चल म्हणाला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. डीलरकडचे जुने फिटर, ज्यांना सगळे आबा म्हणतात, चहाचा कप बाजूला सारून चष्मा लावून प्रत चाळत होते. चौतिसाव्या पानावर थांबले.

“सर, हे कुणी लिहिलं?”

पानावर एक तक्ता होता. पहिल्यांदा खत सोडायच्या आदल्या दिवशी काय करायचं, त्याचा. तीन रकाने: काम, वेळ, शेरा. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं: ‘पंप कोरडा चालवणे. २० मिनिटे. सर्व व्हॉल्व्ह तपासा.’

“वीस मिनिटं कोरडी चालवली, तर नंतर तपासायला काही राहत नाही. मोटारीचा दहावाच घालायचा मग.”

विक्री अधिकाऱ्याला हसू आलं. मला नाही आलं, कारण हेच पान मी वाचून पुढे पाठवलं होतं. दोन ऱ्हस्वदीर्घ सुधारले होते, ‘व्हाल्व’चं ‘व्हॉल्व्ह’ केलं होतं. ओळ व्याकरणाने शुद्ध होती, म्हणून डोळा तिथे अडकला नाही.

मूळ इंग्रजी तक्त्यात त्या जागी दोनच शब्द होते: ‘ड्राय रन’. खत घालण्याआधी नुसत्या साध्या पाण्यावर सगळी यंत्रणा एकदा चालवून बघा, गळती आहे का, शेवटच्या ओळीला दाब पोचतो का ते पाहा, एवढंच लेखकाला म्हणायचं होतं. पण पंपाच्या भागात, बाराव्या पानावर, हाच जोडशब्द आधी येऊन गेला होता. तिथे त्याचा अर्थ पंपात पाणी नसताना मोटार फिरत राहणे. तिथला अनुवाद ‘पंप कोरडा चालवणे’ अगदी बरोबर होता, आणि पुढे ‘हे कधीही होऊ देऊ नका’ असंही छापलं होतं. साधनाने बाराव्या पानावरचा बरोबर अनुवाद चौतिसाव्या पानावर नेऊन ठेवला आणि हिरवा शिक्का मारला. म्हणजे जी गोष्ट एका पानावर वर्ज्य होती, तिची बावीस पानांनंतर शिफारस झाली.

कोरडं चालल्याने काय होतं ते आबांनी तिथेच काउंटरवर एक जुनं सील ठेवून दाखवलं. मोटार आणि पंप एकत्र जोडलेल्या मोनोब्लॉक पंपात दांड्याभोवती एक यांत्रिक सील असतं. त्याचे दोन गुळगुळीत चेहरे एकमेकांवर घासत फिरतात आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. तेच त्यांचं वंगण, तेच त्यांचं थंडावण. पाणी नसेल तर चेहरे तापतात आणि तडकतात. काउंटरवरच्या सीलवर काळं वर्तुळ आणि मधोमध केसाएवढी भेग होती. बोअरमधली सबमर्सिबल, जिला गावात पाणबुडी मोटार म्हणतात, ती तर थंड राहते तीच भोवतीच्या पाण्यामुळे. आतले बुश आणि बेअरिंगही पाण्यावरच चालतात.

“रात्रीची लाईट असली की हेच होतं,” आबा म्हणाले. “ऑटो लावून माणूस झोपतो. लाईट येते, मोटार आपोआप उठते, विहिरीचं पाणी तुटलेलं असतं. सकाळी रिवाइंडिंगवाल्याकडे.”

शब्द नेमका कुठे फसला

इथे थोडं थांबतो, कारण परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात हेच घोळत होतं.

‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या नव्या आवृत्तीसाठी ‘रन’ या शब्दाची नोंद नव्याने लिहायला घेतली तेव्हा नुसत्या क्रियापदाचे अर्थ ६४५ निघाले. एका संपादकाचे नऊ महिने त्यात गेले. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंदीचा मान ‘सेट’कडे होता, तो ‘रन’ने घेतला. आपल्याकडे बहुतेकांना हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो क्रिकेटमध्ये. तिथे तो धाव असतो आणि ‘आऊट’ जोडला की धावचीत. पण पाणी ‘रन आऊट’ झालं तर ते संपलेलं असतं. उतारावरून माती घेऊन वाहून जातं ते ‘रन ऑफ’ आणि फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदानाची दुसरी फेरी होते तीही ‘रन ऑफ’च. ‘बुल रन’ म्हणजे शेअर बाजारातली तेजी. पण अमेरिकेतल्या व्हर्जिनियात बुल रन हा एक ओढा आहे आणि १८६१ मध्ये तिथल्या यादवी युद्धातली पहिली मोठी लढाई त्याच्या काठी झाली. त्या भागात ‘रन’ म्हणजे लहानसा ओढाच.

एवढे अर्थ असूनही इंग्रजी वाचणारा रोज अडखळत नाही, कारण शेजारचा शब्द त्याला सावरतो. जोडशब्दात तर दोघे मिळून एकच गोष्ट सांगतात. पेच येतो तो जोडशब्दालाच दोन अर्थ फुटतात तेव्हा. ‘ड्राय रन’चं तसंच आहे. १९ व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या अग्निशामक दलांच्या सरावात नळीतून पाणी न सोडता केलेल्या धावेसाठी हा जोडशब्द वापरात होता. पुढे तो कुठल्याही रंगीत तालमीला लागला. पाण्याचा संबंध सुटला, ‘खरं काही पणाला न लावता’ एवढंच उरलं. पंपवाल्यांनी मात्र तो अक्षरशः घेतला: कोरडं फिरणं. आमच्या पुस्तिकेत गंमत अशी की, खतवाल्या भागातल्या ‘ड्राय रन’ला भरपूर पाणी लागतं. नसतं ते फक्त खत. कोरडा शब्द, ओली कृती.

आपल्या भाषेत हे होत नाही असं समजायचं कारण नाही. ‘आज कुठे?’ ‘दारं धरायला.’ शेतात पाणी असलेल्या माणसाला हे कळायला क्षणही लागत नाही: एका सरीचं पाणी तोडून दुसरीत वळवत बसायचं. शब्दकोशातून ‘दार’ आणि ‘धरणे’ सुटे सुटे काढून कुणी त्याचं इंग्रजी केलं तर तो माणूस चौकटीला टेकून उभा राहील.

अनुवादाच्या साधनाने आमचं नेमकं हेच केलं होतं. त्याने शेजार काढून टाकला. वाक्यात ‘साध्या पाण्यावर’ असे शब्द जवळपास असते तर अनुवादक थबकली असती. तक्त्यातल्या घरात दोनच शब्द होते आणि घराला भिंती होत्या.

मग बाकीचं किती?

एक चूक सापडली की माणूस बाकीचं पुस्तक निर्धास्त वाचू शकत नाही. त्या रात्री मी इंग्रजी आणि मराठी प्रती शेजारी ठेवून बसलो. मनोरंजन भरपूर झालं, झोप नाही झाली.

‘हेड’ हा सगळ्यात मोठा गुंता. पंपाच्या भागात तो पाणी किती उंच चढेल याचं माप. ठिबकच्या भागात ‘हेड कंट्रोल युनिट’ म्हणजे विहिरीजवळची फिल्टर, व्हॉल्व्ह आणि खत ओढून घेणारी व्हेंचुरी यांची जोडणी. ‘हेडर’ म्हणजे नळीची आडवी मूळ ओळ. कोबीच्या पानावर ‘हेड’ म्हणजे गड्डा. मजुरीच्या हिशेबात ‘पर हेड’ म्हणजे माणशी. अनुवादकाने पंपाच्या भागात ‘शीर्ष’ ठरवला होता, त्यामुळे ‘एकूण शीर्ष ३० मीटर’ असं झालं होतं. चालण्यासारखं, पण दुकानात कुणी म्हणत नाही असं. व्हॉल्व्ह बंद असताना पंप चालत राहण्याला इंग्रजीत ‘डेड हेड’ म्हणतात. त्याचं ‘मृत शीर्ष’ झालेलं पाहून मी उठून पाणी प्यालो. कोबी मात्र वाचली होती. तिथे तिने आपणहून ‘गड्डा धरताना’ लिहिलं होतं, कारण कोबी तिच्या घरी येते, पंप येत नाही.

‘स्टेज’चंही तेच. ‘दहा अवस्थांचा पंप’ असं एका ठिकाणी होतं. पिकाला अवस्था असतात, पंपाला स्टेज असतात, म्हणजे एकामागोमाग बसवलेले पंखे. ‘फील्ड कपॅसिटी’चं ‘शेताची क्षमता’ झालं होतं. याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. जमिनीत पुरेसा ओलावा आणि पुरेशी हवा दोन्ही असण्याच्या स्थितीला आपल्याकडे ‘वाफसा’ हा इतका नेमका शब्द आहे, तो कुठल्याही शेतकऱ्याच्या तोंडी आहे, आणि पुस्तिकेत मात्र ‘जमीन शेताच्या क्षमतेला आल्यावर’ छापलं जाणार होतं.

धोक्याच्या दृष्टीने ‘ड्राय रन’च्या खालोखाल होता ‘मेन’. इंग्रजीत एका जागी विजेचा मुख्य पुरवठा बंद करायला सांगितलं होतं, दुसऱ्या जागी मुख्य पाइपवरचा व्हॉल्व्ह. मराठीत दोन्हीकडे ‘मेन बंद करा’. मोटार चालू असताना पहिल्या ऐवजी दुसरा बंद केला तर दाब चढतो आणि सगळ्यात कच्चा सांधा सुटतो. इथे अनुवाद चुकला असंही म्हणता येत नव्हतं. शेतावर दोन्हींना मेनच म्हणतात. समोरासमोर माणूस बोटाने दाखवतो, छापील पानाला बोट नसतं.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी संस्थेत बैठक झाली. चार वाटा टेबलावर आल्या. प्रत्येकीमागे कुणीतरी पोटतिडकीने बोलणारं होतं.

विक्री विभागाचं म्हणणं: सापडलेल्या चुका सुधारा आणि छापा. मुदत त्यांच्या डोक्यावर होती आणि त्यांची बाजू खोटी नव्हती. छाटणी झाल्यावर पोचलेली पुस्तिका दुकानात टेबलाचा पाय टेकवायला वापरतात.

संस्थेच्या मालकांचं म्हणणं: शब्दसूची करा. एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द, आणि सगळीकडे तोच. आमच्या धंद्यात ही चांगली सवय मानली जाते आणि बहुतेक वेळा ती आहेही. पण इथे एकसारखेपणानेच घात केला होता. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश विषयवार वेगळे काढलेले आहेत, कृषिशास्त्राचा वेगळा, भौतिकशास्त्राचा वेगळा, ते उगाच नाही. एकाच इंग्रजी शब्दाला प्रत्येक विषयात वेगळं घर मिळतं. आमच्या पुस्तिकेत तीन विषय एकाच खोलीत राहत होते.

कंपनीच्याच एका वरिष्ठांचं म्हणणं: सगळं इंग्रजीच ठेवा, देवनागरीत लिहा. “शेतकरी तसंच बोलतो. लॅटरल, सबमेन, ग्रोमेट, एल्बो. कशाला कष्ट घेता?” हे मला जवळजवळ पटलं होतं. उसने घेतलेले शब्द बहुधा एकच अर्थ घेऊन येतात, बाकीचे वेशीबाहेर ठेवतात. ‘लाईट आली’ म्हणजे वीज आली. हलकं असण्याचा तिथे प्रश्नच नाही. ‘फाईल’ म्हणजे कागदांची. लोखंड घासायची असेल तर तिला कानस म्हणतात. त्या अर्थाने दुकानातली इंग्रजी खऱ्या इंग्रजीपेक्षा जास्त नेमकी असते.

पण मग आबांचं वाक्य आठवलं. कच्ची प्रत परत देताना ते म्हणाले होते, “स्टार्टरच्या पेटीवर लाल दिवा असतो बघा, त्याखाली लिहिलेलं असतं, ड्राय रन. तो पेटला की पाणी तुटलं.” म्हणजे शेतकऱ्याला ‘ड्राय रन’ माहीत होता, आणि तो एकाच अर्थाने, चुकीच्या बाजूच्या अर्थाने. तक्त्यात देवनागरीत ‘ड्राय रन: २० मिनिटे’ छापलं असतं तर वाचणाऱ्याने त्याचा अर्थ आमच्या पहिल्या अनुवादासारखाच लावला असता. तिसरी वाट तिथे संपली.

चौथी वाट अनुवादकानेच सुचवली. शब्द बाजूला ठेवू, कामं धरून बसू. प्रत्येक सूचनेपाशी विचारायचं: वाचणाऱ्याचा हात कुठल्या वस्तूवर जाणार आहे? ती वस्तू गावात ज्या नावाने ओळखली जाते ते लिहायचं. त्यासाठी फिटर शेजारी हवा आणि आठवडाभराची मुदत हवी. मालकांना खर्च दिसला, विक्रीवाल्यांना उशीर. शेवटी मी त्या चौतिसाव्या पानाचा फोटो कंपनीच्या सर्व्हिस विभागाला पाठवला. वॉरंटीतल्या मोटारी त्यांना बदलून द्याव्या लागतात. तासाभरात आठवडा मिळाला. हा डाव सरळ नव्हता, पण लागू पडला.

काय केलं

सगळ्यात आधी तक्ते मोडले. ज्या घरात दोन-तीन शब्दांची सूचना होती तिथे पूर्ण वाक्य लिहिलं, कर्ता-कर्म-क्रियापदासकट. त्याने पानं वाढली. मांडणी करणाऱ्याने कुरकुर केली, ती ऐकून घेतली.

मग आबा दोन दिवस पुण्यात येऊन बसले. ते पान वाचायचे नाहीत. मी वाक्य मोठ्याने वाचायचो आणि ते हाताने ती कृती हवेत करायचे. हात अडला की वाक्य चुकलं. ही पद्धत कुणी ठरवली नव्हती, पहिल्या तासात आपोआप पडली. ‘मेन बंद करा’पाशी त्यांचा हात हवेत राहिला. “कुठला? वरचा का खालचा?” तिथे आम्ही ‘मेन स्विच पाडा’ आणि ‘मेन लाईनचा व्हॉल्व्ह बंद करा’ असं वेगळं केलं. ‘पाडा’ हे क्रियापद त्यांचं. स्विच पाडता येतो, व्हॉल्व्ह पाडता येत नाही, म्हणून नुसत्या क्रियापदानेच अर्थ पक्का झाला.

दाबापाशी आणखी एक गाठ सापडली, जी इंग्रजीत नव्हतीच. दुकानात दाब ‘किलो’त सांगतात: ‘एक किलो प्रेशर ठेवा’. म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो, साधारण १० मीटर हेड, ३३ फूट. खतही किलोतच. आणि वेळापत्रकात दोन्ही शेजारच्या ओळींत. सगळीकडे ‘दाब १ किलो’ आणि ‘खत १ किलो’ असं लिहायचं ठरलं, सुटा किलो कुठेच नाही.

साधनातल्या जुन्या अनुवादाच्या साठ्याचंही काम केलं. तीन शब्दांपेक्षा लहान तुकडा आपोआप भरायचा नाही, माणसाने डोळ्याखालून घातल्याशिवाय नाही, असा नियम लावला. त्या तुकड्यांना पूर्ण दर द्यायचं संस्थेने कबूल केलं. हे कबूल करून घ्यायला मोटारीपेक्षा जास्त घासाघीस झाली.

दोन निर्णय, ज्यांवर भांडण झालं

पहिला ‘हेड’चा. अनुवादकाला ‘शीर्ष’ सोडवत नव्हता. तिचा मुद्दा असा की, आज आपण सोडला तर हा शब्द कधीच रुजणार नाही. मला तिचं म्हणणं तत्त्वाने पटतं. पण पंप घ्यायला गेलेला माणूस दुकानदाराला ‘किती शीर्षाचा आहे?’ असं विचारणार नाही आणि पंपाच्या पाटीवर ‘हेड’च कोरलेलं असतं. आम्ही ‘हेड’ ठेवला आणि पहिल्यांदा येतो तिथे एका ओळीत सांगितलं: पंप पाणी जितक्या उंचीपर्यंत ढकलू शकतो ते माप. ‘मृत शीर्ष’च्या जागी ‘व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटार चालवू नका’. ‘वाफसा’, ‘गड्डा’, ‘गादीवाफा’ हे अर्थातच मराठी. म्हणजे धोरण म्हणून पाहिलं तर आमचं पुस्तक बेशिस्त झालं. कुठे इंग्रजी, कुठे मराठी. कसोटी एकच होती: पाटीवर, पेटीवर किंवा तोंडात जे आहे ते.

दुसरा वाद खुद्द त्या ‘ड्राय रन’चा. ‘कोरडी चाचणी’ लगेच बाद झाली. ‘रंगीत तालीम’ असं मी गमतीत म्हटलं आणि दहा मिनिटं आम्ही खरोखरच त्याचा विचार केला, इतके दमलो होतो. ‘पूर्वचाचणी’ शुद्ध होती, पण कशावर चाचणी हे सांगत नव्हती. आबा म्हणाले, “साध्या पाण्यावर ट्रायल घ्या म्हणा की. आम्ही तेच म्हणतो.” अनुवादकाला ‘ट्रायल’ खटकला. एक इंग्रजी शब्द काढून दुसरा घालायचा? मी आबांच्या बाजूने गेलो. शिंप्याकडे ट्रायल असते, गाडीची ट्रायल असते, सगळीकडे अर्थ एकच: करून बघणे. कोर्टातली ट्रायल आपण खटला म्हणून वेगळी काढली आहे. शिवाय ‘साध्या पाण्यावर’ हे दोन शब्द खरं काम करत होते. छापलं ते असं: ‘खत सोडण्याच्या आदल्या दिवशी साध्या पाण्यावर २० मिनिटे ट्रायल घ्या. विहिरीत पाणी आहे याची आधी खात्री करा.’ शेवटचं वाक्य मूळ इंग्रजीत नाही. अनुवादकाला हा अधिकार आहे का, यावर आम्ही वाद घातला नाही. सर्व्हिस विभागाला विचारलं, त्यांनी दोन मिनिटांत हो म्हटलं.

काय निष्पन्न झालं

पुस्तिका उशिरा निघाली. छाटणी लवकर घेणाऱ्यांच्या हातात ती वेळेवर पोचली नाही आणि विक्री अधिकाऱ्याने ते मला पुढची दोन वर्षं ऐकवलं. पानं वाढल्याने छपाईचा खर्चही वाढला. डीलरांनी मात्र प्रती मागून घेतल्या. आबांच्या दुकानात चौतिसावं पान झेरॉक्स करून काउंटरच्या काचेखाली लावलं गेलं.

आणि एक चूक राहिली.

हंगामाच्या मध्यावर एका द्राक्ष बागायतदाराचा कंपनीत फोन आला. ड्रममध्ये पांढरा गाळ धरला होता आणि ड्रिपर बुजले होते. त्याने आदल्या दिवशी उरलेलं कॅल्शियम नायट्रेटचं पाणी आणि त्या दिवशी उरलेलं मॅग्नेशियम सल्फेटचं पाणी एकाच ड्रममध्ये ओतून ठेवलं होतं. घट्ट पाण्यात ही दोन एकत्र आली की जिप्सम खाली बसतं. हे कोणीही खतवाला सांगेल. आपण असं का केलंत विचारल्यावर तो म्हणाला, “तुमच्याच पुस्तकात आहे. शिल्लक द्रावण वेगळ्या ड्रममध्ये तयार ठेवा.”

इंग्रजीत होतं ‘स्टॉक सोल्युशन’. म्हणजे पुढे पातळ करून वापरायचं मूळचं घट्ट द्रावण. ‘स्टॉक’ म्हणजे साठा, दुकानातला माल, शिल्लक, शेअर, गुरंढोरं, आणि द्राक्षातच म्हणाल तर कलमाखालचा खुंटसुद्धा. आम्ही खुंटाच्या पानावर ‘रूटस्टॉक’ बरोबर पकडला होता. या पानावर ‘शिल्लक’ सुटला, कारण वाक्य पूर्ण होतं, तक्त्यात नव्हतं, आणि कानाला अगदी शहाणपणाचं वाटत होतं. उरलेलं वेगळं ठेवा, यात कुणाला काय चुकीचं दिसणार? आबांचा हातही तिथे अडला नव्हता. त्यांनी हवेत ड्रममध्ये बादली ओतली होती, मी बघितली होती.

पुन्हा करायचं झालं तर

आबांना बसवलं हे बरोबर, पण फक्त आबांना बसवलं हे चूक. त्यांचा हात पाइप, सील, स्विच ओळखतो. खताची पोती ते हाताळत नाहीत. तीन विषयांच्या पुस्तकाला तीन माणसं हवी होती आणि तिसरा, म्हणजे पहाटे ड्रममध्ये खत कालवणारा बागायतदार, निफाडमध्ये दर दोन बांधांवर एक मिळाला असता. मानधनापोटी त्याने एक चहा मागितला असता.

मूळ इंग्रजी लिहिणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी फोन करायला हवा होता. अनुवादकाचं काम मूळ सुधारायचं नाही अशी एक घट्ट समजूत आमच्यात आहे, आणि मी तिच्यामागे लपलो. एकाच पुस्तकात ‘ड्राय रन’ दोन उलट अर्थांनी वापरणं हा इंग्रजीचाच दोष होता. पांढऱ्या गाळाच्या फोननंतर मी ते कळवलं तेव्हा त्यांनी चौतिसाव्या पानावरचा शब्द त्याच दिवशी बदलला, आणि हिंदी प्रतीत काय झालं आहे ते बघायला माणूस पाठवला.

यादी करायचीच तर शब्दांची करू नये, जोडशब्दांची करावी, आणि प्रत्येकासमोर पानाचा क्रमांक लिहावा. ‘रन’ शोधला असता तर पन्नास ठिकाणं निघाली असती आणि डोळे फिरले असते. ‘ड्राय रन’ दोनच ठिकाणी होता. दोन्ही पानं शेजारी ठेवली असती तर मला, ज्याने आयुष्यात सील बदललेलं नाही, मलाही ते दिसलं असतं.

‘शिल्लक’वर चिकटवायला कंपनीने कागदाच्या पट्ट्या छापल्या. त्यावर काय लिहायचं ते ठरवायला या वेळी फोन केला तो त्या बागायतदारालाच. ‘मूळ द्रावण’ चालेल का विचारलं. तो म्हणाला, मूळ म्हणजे मुळाला सोडायचं वाटेल. मग काय लिहू? “घट्ट पाणी लिहा,” तो म्हणाला, “आणि खाली लिहा, दोन खतांचं एकत्र करू नका.” पट्टीवर तेवढंच बसलं.